बिनवासाचं मलम

लग्न होऊन होळी गावातल्या या घरी आले, त्याच आठवड्यात नणंदेने मला बजावलं, "वहिनी, माझी चादर चुकूनसुद्धा घेऊ नका. ती वेगळी असते."

मला वाटलं, लाडाची लेक आहे, आपल्या वस्तूंना कुणाला हात लावू देत नसेल. माझ्याच वयाची होती, फार तर वर्षाने मोठी. रीतीप्रमाणे मी तिला 'वन्सं' म्हणायचे. चादर वेगळी, चटई वेगळी, पाणी प्यायचा तांब्यासुद्धा वेगळा. भर उन्हाळ्यात ती मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालायची. दुपारी ओटीवर बसून घरातल्या, शेजारच्या बायका अबोलीचे गजरे करायच्या तेव्हा ही आत चुलीपाशी काहीतरी काम काढून बसलेली असायची.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमची वाडी केळीची आणि पानवेलीची, कडेने मोगरा, अबोली, शेवंती. सासरे वाडी बघायचे, माझे यजमान मुंबईत एका कचेरीत कारकून होते, धाकटा दीर शिकत होता. सासूबाईंच्या हातात फुलं आणि घर. मी खाडीकडच्या भातशेतीच्या गावातली. आमच्याकडे 'ण' कुणी म्हणत नाही. मी "पानी आनते" म्हटलं की ओटीवर हशा पिकायचा. वन्सं हसायच्या नाहीत. एकदा मी रडवेली होऊन आत आले तर म्हणाल्या, "हसू देत त्यांना. माझ्याकडे तर कुणी हसूनही बघत नाही."

त्या वाक्याचा अर्थ मला थंडीत कळला.

सकाळची वेळ होती. मोरीतून त्यांनी मला हाक मारली. पोलकं पाठीला चिकटलं होतं, ओढलं की सोलत होतं. "वहिनी, जरा कोमट पाणी सोडा पाठीवर. हळू." मी पाणी सोडत गेले, कापड सुटत गेलं, आणि खाली जे दिसलं ते बघून माझा हात थांबला. खांद्याच्या पात्यांमध्ये लाल, ओलसर चट्टा, त्यातून लस येत होती. कोपरांच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांच्या मागे कातडी काळपट, जाड झालेली, भेगाळलेली. मानेवर खाजवल्याचे ओरखडे.

त्यांनी मागे वळून माझं तोंड पाहिलं. "किळस आली तर राहू द्या. मी करते कसं तरी."

"पाठीला हात पोचतो तुमचा?"

"नाही," त्या म्हणाल्या. मग मी पाणी सोडत राहिले. त्या दिवसापासून त्या मला 'तू' म्हणू लागल्या.

इसब होतं ते. पाळण्यात असल्यापासून. सासूबाईंनी काय केलं नव्हतं! कडुलिंबाच्या पाल्याच्या आंघोळी, खोबरेल तेलात कापूर, गंधकाचं पिवळं मलम, ज्याने कातडी आणखीच कोरडी पडायची. कुणी सांगितलं म्हणून वांगं बंद, आंबट बंद, मासे बंद. भाजलेल्या बोंबलाचा वास घरभर सुटायचा आणि वन्सं मुगाचं वरण आणि भात कालवत बसायच्या. आणि शेजारच्या एका म्हातारीने कधीतरी म्हटलं होतं की फुलं देवाला जातात, त्यांना असा हात लागू नये. तेव्हापासून फुलांच्या घरातल्या या मुलीने फुलाला हात लावला नव्हता.

सासूबाई वाईट नव्हत्या. लेक लहान असताना तिने खाजवू नये म्हणून तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरून त्या तासन्‌तास बसायच्या, हे मला वन्संनीच सांगितलं. पण लेक वाढली तशी त्यांची काळजी दुसरीकडे वळली. "हिचं कसं व्हायचं," एवढंच त्या म्हणायच्या, आणि ते इसबाबद्दल नसायचं.

स्थळं बघायला सुरुवात झाली होती. पहिल्या स्थळाच्या वेळी गावातल्या डॉक्टरांनी एक छोटी ट्यूब दिली होती. आठ दिवस लावा, पातळ लावा, मग मला दाखवा, असं ते म्हणाले होते. चार दिवसांत चट्टे गेले. सासूबाईंनी त्या ट्यूबला हळद-कुंकू लावायचंच बाकी ठेवलं. स्थळ जमलं नाही, पण ट्यूब घरात राहिली. संपली की सासूबाई औषधवाल्याकडून दुसरी आणायच्या. डॉक्टरांना पुन्हा दाखवायची गरज त्यांना वाटली नाही. पाहुणे येणार म्हटलं की पंधरा दिवस आधी ट्यूब सुरू. पाहुणे गेले, नकार आला, ट्यूब थांबली, की पूर्वीच्या दुप्पट इसब उसळायचं. मी आले तोवर वन्संच्या हाताची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. बांगडी जरा घासली तरी निळा डाग उठायचा.

मी यजमानांना सांगितलं की एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवू या. त्यांनी कचेरीत विचारलं आणि मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागाचा वार काढून आणला. सासूबाईंना हे रुचलं नाही. "तिकडे नेलीत तर गावभर होईल," म्हणाल्या. गावात कुणाला माहीत नव्हतं असं नाही, पण आपण तोंडाने बोललो नाही म्हणजे ते नसतं, असा त्यांचा हिशेब होता. शेवटी मी आणि वन्सं दोघीच गेलो.

तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या, चाळिशीच्या, दमलेल्या. त्यांनी हात न आखडता वन्संचं कोपर धरलं, मान वळवून पाहिली, पाठ पाहिली. ट्यूब दाखवली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

"किती वर्षं लावताय ही?"

वन्संनी सांगितलं.

"हे औषध वाईट नाही. पण हे रोज लावायचं औषध नाही. आम्ही सांगू तेव्हा, सांगू तेवढंच लावायचं. रोजचं औषध वेगळं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही कोण? वहिनी? मग नीट ऐका. हिची कातडी पाणी धरून ठेवत नाही. भिंतीचा गिलावा गेला की ओल जाते-येते, तसं. तो गिलावा आपण बाहेरून रोज लावायचा. साबण बंद. आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात. अंग टिपायचं, चोळायचं नाही. आणि ओलसर असतानाच मलम लावायचं, वरून खाली, हलक्या हाताने. दिवसातून तीन-चारदा, बरं वाटत असलं तरी."

"किती दिवस?" मी विचारलं.

"कायम," त्या म्हणाल्या.

वन्संनी खाली मान घालून विचारलं, "हे दुसऱ्याला लागतं का?"

"नाही. कुणी सांगितलं?"

मला ओटीवरच्या सगळ्या बायका आठवल्या, आणि तो वेगळा तांब्यासुद्धा.

औषधं देणाऱ्या खिडकीवर माणूस म्हणाला, "बाटली आणलीत का?" मलम मोठ्या डब्यातून काढून द्यायचे, भांडं आपलं आपण न्यायचं. आम्हाला काय माहीत. बाहेर जाऊन एका इराण्याच्या हॉटेलातून बिस्किटांची रिकामी बरणी मागून आणली. तीत त्या माणसाने पांढरं, घट्ट मलम भरलं. "बोटं घालू नका, चमच्याने काढा, नाही तर खराब होईल," एवढं सांगून त्याने पुढच्याला हाक मारली. आणखीही काही सांगितलं असेल. त्या गोंगाटात आम्ही एवढंच ऐकलं.

मलमाला काही वास नव्हता. घरात शिरलं की मोगरा, शेवंती, ओलं केळीचं पान, सगळ्यांचे वास, आणि या मलमाला काहीच नाही. सासूबाईंनी नाकाशी नेलं आणि बाजूला ठेवलं. "याने काय होणार? औषध कसं झोंबलं पाहिजे."

पण झालं. लगेच नाही. ट्यूब बंद केल्यावर पहिला महिना फार वाईट गेला. इसब असं उसळलं की वन्संच्या पापण्या सुजल्या, त्या मला म्हणाल्या, "वहिनी, मरू दे, ती ट्यूबच दे." मी दिलीही असती, पण त्यांनीच पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरवलं. तिथून थोडे दिवस लावायला हलकं औषध मिळालं आणि परत तेच पांढरं मलम. सकाळी आंघोळीनंतर त्या मोरीत पाठ करून बसायच्या. मी तळहातावर मलम घेऊन आधी दोन्ही हातांत कोमट करायचे, मग त्यांच्या मानेपासून कमरेपर्यंत लावत जायचे. पहिल्यांदा त्या आक्रसून बसायच्या. हळूहळू खांदे सैल पडू लागले. त्या वेळात आम्ही कायकाय बोललो. त्यांना शाळेत सगळ्यात शेवटच्या बाकावर एकटं बसवायचे. त्यांना भरतकाम आवडायचं पण धागा हाताला चिकटायचा. मी माझ्या माहेरच्या खाडीबद्दल सांगायचे, भरतीच्या वेळी बांधावर कसं उभं राहायचं ते.

कपडे तुपकट व्हायचे, चादरीला डाग पडायचे, उकाड्यात अंग चिकचिक व्हायचं आणि वाडीतली धूळ बसायची. तरी पावसाळा सरता सरता पाठीवरची लस थांबली होती. कोपरांची कातडी मऊ पडली होती. एके सकाळी त्या म्हणाल्या, "काल मी झोपले गं. मधे जाग नाही आली." एवढंच म्हणाल्या, पण मला त्याचं किती अप्रूप वाटलं ते सांगता येणार नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते झालं.

सकाळीच मी त्यांना मलम लावलं होतं. त्यांनी नेहमीचं जुनं सुती पोलकं घातलं, बाह्या मनगटापर्यंत. महिनोन्‌महिने त्याच दोन-तीन पोलक्यांत मलम मुरत होतं, धुतलं तरी हाताला बुळबुळीत लागायचं. त्या चुलीपाशी बसल्या, फुंकणीने जाळ केला आणि भाताचं आधण बघायला हात पुढे केला. मी पाट्यावर वाटण वाटत होते, माझी पाठ होती त्यांच्याकडे. त्यांचा आवाज आला, किंकाळी नव्हती, नुसतं "अगं" म्हणाल्या. मी वळले तर उजवी बाही पेटली होती. कापड पेटतं तसं नव्हतं ते. दिव्याची वात पेटते तसा जाळ सरळ वर चढत होता, कोपराच्या वर पोचला होता. मोरीपाशी पडलेलं ओलं गोणपाट मी उचललं आणि त्यांच्या हाताला गुंडाळून घट्ट धरून बसले. माझेही तळहात भाजले.

सासूबाई ओटीवरून धावत आल्या. त्यांच्यामागे गजरे करणाऱ्या बायका. दारात सगळ्या उभ्या, आणि आम्ही दोघी जमिनीवर.

डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि वन्संना विचारलं, "कुणी केलं? की तुम्ही स्वतः?" त्यांचं ते कामच होतं. पण पडद्याबाहेर आमच्याबरोबर आलेली शेजारीण कान लावून उभी होती. डॉक्टरांनी विचारलं, म्हणजे काहीतरी असणारच. संध्याकाळपर्यंत ते होळीभर झालं आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या पापडी गावच्या बाजारात.

काहींचं म्हणणं, लग्न जमत नाही म्हणून पोरीने जाळून घेतलं. काहींचं म्हणणं, भावजयीने केलं, रोज सेवा करून वैतागली असेल. माझी आई हे ऐकून आमच्या गावाहून आली. मला एकटीला वाडीत नेलं, केळीच्या आड उभं केलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "पोरी, कोनी काय बोललं तर गप ऱ्हा. पन खरं सांग, तुझ्या हातून काय झालं नाय ना?"

हे माझ्या आईने विचारलं होतं. मी माझे तळहात तिला दाखवले, फोड आलेले. ती रडली आणि गेली.

आम्ही दोघी सांगत होतो की कापड मलमाने भिजलं होतं, म्हणून असं पेटलं. मलमही शेवटी तेलाच्याच जातीचं. कुणी ऐकून घेईना. "अंगाला लावायच्या औषधाने माणूस जळतं का?" असं सासूबाईच म्हणाल्या. त्यांनी बिस्किटांची ती बरणी उचलून उकिरड्यावर टाकली. त्यानंतर एकदा मी विहिरीवर असताना त्या जवळ आल्या. इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "तू तिथेच होतीस. मला एकदा सांग. तिने स्वतः केलं का?"

"नाही, आई."

"तू बघितलंस?"

माझी पाठ होती. जाळ कसा लागला ते मी बघितलं नव्हतं, आणि खोटं बोलणं मला जमलं नाही. "वळले तेव्हा पेटलं होतं," मी म्हटलं. सासूबाईंनी कळशी उचलली आणि त्या निघून गेल्या. मला वाटतं, त्या एका उत्तरामुळे त्या पुढे कित्येक महिने लेकीकडे धड बघू शकल्या नाहीत. काडेपेटी त्यांनी कमरेला खोचून ठेवायला सुरुवात केली. रॉकेलचा डबा सासऱ्यांच्या खाटेखाली गेला. वन्संना एकटीला घरात ठेवायचं नाही, असं ठरलं. तोंडाने कुणी काही बोललं नाही.

भाजलेलं भरून आलं. कोपरापर्यंत कातडी चकचकीत, ताणलेली राहिली. आणि मलम बंद झाल्यामुळे बाकीच्या अंगावर इसब परत आलं. खाजवून खाजवून पायावर पू झाला, ताप आला. तेव्हा यजमानांनी सासूबाईंना न विचारता रुग्णालयातून मलम आणून दिलं. मी ते वाडीच्या टोकाला, अवजारांच्या झोपडीत ठेवलं. रोज सकाळी आम्ही दोघी तिथे जायचो आणि मी त्यांच्या पाठीला लावायचे. सासूबाईंना माहीत होतं. चादरीवरचे डाग त्यांना दिसत होतेच. पण त्यांनी विचारलं नाही.

एकदा तिथे मी धीर करून बोलले, "वन्सं, मी विचारणार नव्हते."

"विचार."

"तुम्ही..."

"नाही." त्यांनी माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. मग म्हणाल्या, "पण सगळी जणं इतकं म्हणतात ना, की आता मलाच कधी कधी वाटतं, मी केलं असेल का? हात पुढे नेताना माझ्या मनात काय होतं ते मी आठवत बसते. भात होता गं मनात. भात उतू जाईल एवढंच."

दुसऱ्या वर्षी आगाशीकडून एक स्थळ आलं. मुलगा बिजवर होता, म्हणून ते लोक यायला तयार झाले असं सासूबाई म्हणायच्या. या वेळी ट्यूब लावायला वन्संनी साफ नकार दिला. मुलगा, त्याचा मामा आणि त्याची आत्या आली होती. चहा-पोहे झाले. आत्याबाईंनी कप खाली ठेवला आणि सरळच विचारलं, "मुलीने जाळून घेतलं होतं म्हणतात, ते खरं का?"

सासरे पानाला चुना लावत होते, त्यांचा हात थांबला.

वन्सं उठल्या. मला वाटलं रडत आत गेल्या. परत आल्या त्या एक जुनं पोलकं घेऊन. तेच होतं ते. उजवी बाही जळून गेलेली, डावी शाबूत. ते त्यांनी कुठे जपून ठेवलं होतं मला माहीत नव्हतं. दुसऱ्या हातात माझ्या एका फाटक्या पोलक्याची बाही होती, तसल्याच जाड सुती कापडाची.

"आई, काडेपेटी द्या," त्या म्हणाल्या.

सासूबाई हलल्या नाहीत.

"द्या, आई. सगळी आहेत इथे. मी काही करत नाही."

सासूबाईंनी कमरेची काडेपेटी काढून जमिनीवर ठेवली. वन्सं अंगणात उतरल्या. आधी माझ्या पोलक्याची बाही काठीच्या टोकाला अडकवून पेटवली. ती कडेने काळी होत, धुमसत, सावकाश जळत गेली. त्यांनी ती मातीवर आपटली, विझली. मग आपल्या पोलक्याची डावी बाही कापून तशीच अडकवली. "ही सोड्यात उकळून धुतलेली आहे. वर्ष झालं धुऊन," त्या पाहुण्यांकडे बघत म्हणाल्या. काडी लावली. जाळ भप्पकन वर गेला, क्षणात काठीपर्यंत. त्यांनी काठी टाकून दिली. जमिनीवर आपटून, माती टाकूनसुद्धा ती बाही विझेना.

"मी अंगाला मलम लावते," त्या म्हणाल्या. "मला इसब आहे. जन्मभर राहणार आहे. मलम कपड्यात मुरतं, आणि असं होतं. बाकी काही झालेलं नाही."

आत्याबाई पदराने तोंड झाकून उभ्या राहिल्या होत्या. "अगं बाई, ही पोरगी आहे की काय!" एवढं म्हणून त्यांनी भाच्याच्या दंडाला धरलं. मुलगा जाताना एकदा मागे वळला होता. त्याला काहीतरी म्हणायचं असावं असं मला तेव्हा वाटलं. तिकडून काही निरोप आला नाही.

पाहुणे गेले. सासरे वाडीत निघून गेले. सासूबाई अंगणात त्या काळ्या डागापाशी जाऊन बसल्या. राख बोटाने चाळवली. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगत होते, आई," वन्सं म्हणाल्या. "रोज सांगत होते."

सासूबाईंनी लेकीचा भाजलेला हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि त्या हमसून रडल्या. वन्सं रडल्या नाहीत. त्या आईच्या डोक्यावरून समोरच्या केळींकडे बघत होत्या. त्यांना आता ते रडणं नको होतं, असं मला वाटलं. उशीर झाला होता.

त्यानंतर घरातलं बरंच बदललं. मलमाची बरणी स्वयंपाकघरापासून लांब, कोनाड्यात उघडपणे राहू लागली. वन्संनी चुलीपाशी जायचं नाही, देवापुढे समई लावायची नाही, हे सासूबाईंनीच ठरवलं. कपडे सोड्यात उकळून त्या स्वतः धुवायच्या, तरी विश्वास ठेवायचा नाही, जुनी पोलकी फेकून द्यायची. पण मग वन्संना घरात काम काय? फुलांना हात लावायचा नाही ही जुनी बंदी होतीच. खरं तर कुणीतरी म्हणायला हवं होतं की आता लाव हात. सासूबाई एकदा म्हणाल्याही. वन्संनी शेवंतीचं एक फूल उचललं, दोन दिवसांत बोटांना खाज सुटली. शेवंती त्यांना खरोखरच सोसत नव्हती. आम्ही दोघी त्यावर हसलो, पण ते काही फारसं हसू नव्हतं.

आणि चुलीपाशी न बसणाऱ्या मुलीला स्थळ कुठून येणार? ते विषय हळूहळू बंद झाले. धाकट्या दिराचं लग्न झालं. मला मुलगी झाली. वन्सं वालीवला एका छोट्या कारखान्यात कामाला लागल्या. प्लॅस्टिकचे कंगवे तयार व्हायचे तिथे. त्यांच्या कडा साफ करून पुड्यांत भरायचं काम. कोरडं काम होतं, पाणी नाही, आग नाही. त्या डब्याबरोबर एका छोट्या डबीत मलम घेऊन जायच्या आणि दुपारी हातांना लावायच्या. तिथल्या एका बाईने पहिल्याच दिवशी जागा बदलून घेतली होती. दुसरी मात्र शेजारी बसली आणि तशीच बसत राहिली.

इसब कधी गेलं नाही. थंडीत वाढायचं, काळजी वाढली की वाढायचं, मग काही आठवडे अंगावर कुठे आहे ते शोधावं लागायचं. मलमाने ते बरं होत नव्हतं, एवढंच की त्यासोबत राहता येत होतं.

मुलगी तापाने आजारी होती म्हणून एकदा मला त्यांच्याबरोबर मुंबईला जाता आलं नाही. त्या पहिल्यांदाच एकट्या गेल्या. संध्याकाळी परत आल्या, पिशवीतून भरलेली बरणी काढून कोनाड्यात ठेवली आणि माझ्या मुलीच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग माझ्याजवळ जमिनीवर बसल्या.

"आज रांगेत एक बाई होती," म्हणाल्या. "कडेवर सहा-सात महिन्यांची मुलगी. गालांवर सगळ्या खपल्या. रडून रडून बाईचे डोळे असे झालेले. सासू म्हणते, तुझ्याच दुधाने झालं. मी तिला सगळं सांगितलं. अंग ओलं असतानाच लाव, चोळू नको, चमच्याने काढ. आगीचंही सांगितलं. ती ऐकत होती गं, एकेक शब्द."

"बरं केलंत," मी म्हटलं.

"मग तिने माझे हात बघितले. आणि विचारलं, तुमचं लग्न झालं का?"

मी मुलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत होते. हात थांबला.

"काय सांगितलंत?"

"हो म्हटलं," वन्सं म्हणाल्या. "दोन मुलं आहेत म्हटलं."